घटप्रभा-मलप्रभेच्या पाण्यात कोणता फ्लाय लावायचा?

निपाणीच्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे. लहानपणापासून वेदगंगेवर गांडूळ आणि कणकेची गोळी लावून गळ टाकत आलो. आता सहा नंबरचा फ्लाय रॉड घेतला आणि त्यासोबत परदेशी फ्लायनी, म्हणजे गळावर पिसे-केस बांधून केलेल्या किड्या-माशांच्या नकलांनी, भरलेली डबी मिळाली. नावे कळत नाहीत, आकडे कळत नाहीत, आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या फुगवट्यावर एकाही माशाने तोंड लावले नाही. यातले उपयोगाचे काय, आणि नवे घ्यायचे तर काय घ्यावे?

तुमच्या डबीतले बहुतेक फ्लाय ट्राउट माशासाठी बांधलेले असणार. ट्राउटला थंड पाणी लागते. आपल्या देशात तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा ठिकाणी आहे, बेळगाव-खानापूरकडे नाही. तरी ती डबी वाया गेलेली नाही. फ्लायचे नाव शेवटी बघायचे, एवढे मात्र लक्षात ठेवा. आधी बघायचे ते इथला मासा आत्ता काय खातोय. त्यानंतर तो किती खोलीवर खातोय. मग त्या खाद्याचा आकार, मग खालून दिसणारी त्याची आकृती, आणि सगळ्यात शेवटी रंग. डबी विकत घेताना आपल्या हातून नेमके उलटे होते. रंग डोळ्यात भरतो, नाव ऐकलेले असते, आणि तो फ्लाय कोणत्या खोलीसाठी बांधलाय हे विचारायचे राहून जाते. हिडकलला तुम्ही पाण्यावर तरंगणारा बारीक फ्लाय लावला असेल आणि मासे दोन पुरुष खाली असतील, तर रंग कितीही जुळला तरी काही लागणार नाही.

निवडीआधी फ्लायच्या वजनाबद्दल थोडे. गांडुळाच्या गळाला आपण शिशाचा गोळा बांधतो आणि तो गोळा दोरीला ओढून नेतो. फ्लायला स्वतःचे वजन जवळजवळ नसते. रॉडची जाड दोरी, म्हणजे लाइनच, फ्लायला घेऊन जाते. रॉडवरचा सहाचा आकडा त्या लाइनच्या पहिल्या 30 फुटांच्या वजनाचा आहे. जड आणि वारा अडवणारा मोठा फ्लाय सहा नंबरच्या लाइनला पेलत नाही, वाटेतच कोसळतो आणि कधी कधी कानशिलावर येऊन बसतो. म्हणून आठ नंबरची लाइन हातात येईपर्यंत मोठे, शिसे बांधलेले फ्लाय बाजूला ठेवा, आणि फ्लाय कोणताही असो, डोळ्यावर चष्मा नसेल तर टाकू नका.

आता आकडे. गळाचा आकडा जितका मोठा, तितका गळ लहान. 14 हा 8 पेक्षा बारीक. 1 च्या पुढे मात्र 1/0, 2/0 असे लिहितात आणि तिथून आकड्याबरोबर गळही मोठा होत जातो. वेगवेगळ्या कंपन्यांचा 8 नंबर तंतोतंत सारखा नसतो, त्यामुळे शक्य असेल तेव्हा गळ डोळ्याने बघूनच घ्या. टोकाला बांधायच्या बारीक दोरीला टिपेट म्हणतात आणि तिची जाडी एक्समध्ये मोजतात. 11 मधून एक्सचा आकडा वजा केला की इंचाच्या हजाराव्या भागात जाडी मिळते. 4 एक्स म्हणजे 0.007 इंच, साधारण 0.18 मिलिमीटर. ट्राउटवाल्यांचा ठोकताळा असा की गळाच्या आकड्याला 3 ने भागा आणि तितका एक्स लावा, म्हणजे 12 च्या गळाला 4 एक्स. चिलापीसाठी हा ठोकताळा चालतो. महासीर आणि मरळ यांच्यासाठी तो विसरा. तिथे दोरी खडकावर घासते, झाडाच्या मुळात अडकते, म्हणून जाडच लागते.

डबी उघडून फ्लाय खोलीनुसार वेगळे करा.

ताठ पिसांचा, केसाळ, हलका असेल तो तरंगणारा, म्हणजे ड्राय फ्लाय. तुमच्या डबीत करड्या अंगाचा, तपकिरी-करडी पिसे एकत्र गुंडाळलेला एक नक्की असेल. तो ॲडम्स. 1922 साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये लेन हॅलडे यांनी तो बांधला. एका विशिष्ट किड्याची तो हुबेहूब नक्कल करत नाही, पण अनेक किड्यांसारखा दिसतो, म्हणूनच शंभर वर्षे टिकलाय. हरणासारख्या केसांचा, पाठीवर तंबू उभारल्यासारखा दिसणारा तो एल्क हेअर कॅडिस, ॲल ट्रॉथ यांचा, 1957 मधला. हे दोन्ही ठेवा, खानापूरच्या ओढ्यांवर लागतील.

अंग सडपातळ, पिसे कमी आणि डोक्यावर धातूचा मणी असेल तर ती निम्फ. ही पाण्याखाली राहणाऱ्या अळीची नक्कल. फेझंट टेल नावाची निम्फ इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर यांनी बांधली. त्यांनी दोऱ्याऐवजी बारीक तांब्याची तार वापरली, म्हणजे वजन आणि बांधणी एकाच तारेत. मणी पितळेचा की टंगस्टनचा हे दुकानदाराला जरूर विचारा. टंगस्टन पितळेच्या दुपटीहून जड असते, त्यामुळे एकाच मापाच्या दोन निम्फ पूर्णपणे वेगळ्या खोलीवर चालतात.

लांब शेपटीचे, मऊ पिसांचे, डोळे लावलेले ते स्ट्रीमर. ही लहान माशाची, बेडकाच्या पिल्लाची किंवा झिंग्याची नक्कल. यातले दोन आपल्याकडे खरे कामाचे आहेत, वुली बगर आणि क्लाउझर मिनो. क्लाउझरचे जड डोळे गळाच्या दांडीवर अशा बाजूला बांधलेले असतात की पाण्यात गळ उलटा होऊन टोक वर राहते आणि तळाच्या दगडात कमी अडकतो. पेनसिल्व्हेनियाचे बॉब क्लाउझर यांनी सस्क्वेहॅना नदीच्या खडकाळ पात्रात बास माशांसाठी तो बनवला. आपल्या नद्यांच्या तळालाही दगडच असल्याने तो इथे सरळ बसतो. फोमचे किंवा कॉर्कचे तोंड असलेला आणि ओढला की पाणी उडवणारा तो पॉपर.

पाण्यात काय आहे हे ओळखणे मात्र काठावरच शिकावे लागते. पावसाळा सरला, पाणी निवळले की खानापूर भागात एखाद्या ओढ्यावर जा. पाण्यातला दगड हलक्या हाताने उचला, उलटा करा. चपटी, तीन शेपट्यांची अळी दिसली तर ती मेफ्लाय या किड्याची. वाळूचे किंवा काटक्यांचे छोटे नळकांडे दगडाला चिकटलेले असेल तर आत कॅडिस या किड्याची अळी आहे. चतुराची अळी जाड, मातकट, चिखलात किंवा शेवाळात दडलेली असते, आणि माझ्या मते इथल्या धरणांच्या काठावर माशांचे ते फार मोठे खाद्य आहे. दगड होता तसाच परत ठेवा. चहाची जुनी गाळणी प्रवाहात धरली की वाहून जाणारे किडे सापडतात. काठावरच्या झुडपांतली कोळ्यांची जाळी बघायला विसरू नका. काल संध्याकाळी काय उडाले हे तिथे लटकलेले असते.

मग वरून पडणारे खाद्य. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भातकापणी सुरू झाली की गवतातले नाकतोडे वाऱ्याने पाण्यात पडतात. मे अखेरीला वळीव पडून गेला की संध्याकाळी वाळवीची पाखरे उठतात आणि नदीवर पंखांचा थर जमतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात एरवी तळाशी असणारे मासेही वर येतात. तेव्हा तुमचा ॲडम्स, 12 किंवा 14 चा, पिसे खालून थोडी कातरून पाण्याला चिकटेल असा केलेला, दुसऱ्या कोणत्याही फ्लायपेक्षा सरस ठरतो. ओढायचा नाही, फक्त वाहू द्यायचा.

महासीरविषयी सविस्तर लिहितो, कारण सगळे त्याच्याच नावाने रॉड घेतात. आपला महासीर दख्खनचा. शास्त्रीय नाव टॉर खुद्री. सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचे वर्णन केले. आपल्याकडे जुने मच्छीमार त्याला खडस म्हणतात. हा मासा फक्त शिकारी नाही. तो खेकडे खातो, लहान मासे खातो, शेवाळ खातो आणि झाडावरून पडलेली फळेही खातो. नदीकाठी उंबर वाकलेला असेल आणि खाली डोह असेल तर त्या सावलीत थांबून कान द्या. फळ पाण्यात पडल्याचा टप आवाज आणि लगेच मागोमाग पाण्याची उसळी असे जोडीने आले, की फ्लायची निवड झाली. उंबराच्या फळाच्या रंगाचा, तांबूस-तपकिरी फोमचा किंवा घट्ट कातरलेल्या लोकरीचा गोळा, 4 किंवा 2 नंबरच्या जाड तारेच्या गळावर. टाकताना तो हळुवार उतरवू नका. ट्राउटच्या पुस्तकांत फ्लाय अलगद टेकवायला सांगतात, इथे तो फळासारखा टपकन पडला पाहिजे, कारण मासा त्या आवाजावर येतो. पडल्यावर हात बांधून ठेवा. फळ पोहत नाही, तेव्हा दोरी ओढलीत की खेळ संपला. एक गोळा तरंगणारा आणि एक हळू बुडणारा असे दोन्ही जवळ असू द्या.

उंबर नसेल तिथे खळाळ जिथे डोहात उतरतो तो भाग घ्या. तिथे क्लाउझर, वर ऑलिव्ह किंवा तपकिरी आणि खाली पांढरा, 4 नंबरचा. प्रवाहाला आडवा टाकून, थोडा बुडू देऊन, थांबत थांबत ओढायचा. महासीरच्या जबड्यावर दात नसतात, घशात असतात, आणि तोंडाची पकड अशी जबरदस्त असते की बारीक तारेचा गळ सरळ होतो किंवा मोडतो. म्हणून डबीतले ट्राउटचे नाजूक गळ इथे चालत नाहीत. फ्लाय सुंदर बांधला असला तरी गळाची तार पातळ असेल तर महासीरसाठी तो बाद.

दोन गोष्टी पाळाव्याच लागतील. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. मासा पाण्यातच ठेवून सोडवा, जमिनीवर ओढू नका, आणि महासीर घरी नेऊ नका. दुसरी गोष्ट ठिकाणाची. म्हादईच्या उगमाकडचे भीमगडचे जंगल 2011 पासून अभयारण्य आहे आणि दांडेली-अणशीचे जंगल आज काळी व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथल्या पाण्यात गळ टाकायचाच नाही, पाणी कितीही मोहात पाडो. इतर नद्या आणि धरणांवर परवाना किंवा ठेका कोणाकडे आहे हे मत्स्य खात्यात आधी विचारा. राकसकोपसारख्या पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर तर विचारल्याशिवाय काठावरही उतरू नका. देवळाच्या घाटावरचे मासे लोक श्रद्धेने सांभाळतात. असोग्यासारख्या ठिकाणी रॉड गाडीतच राहू दे. आणि जून ते सप्टेंबर नदीला सुट्टी द्या. तो माशांचा वीणीचा काळ असतो, आणि जांभ्या मातीने लाल झालेल्या त्या पाण्यात फ्लाय दिसतही नाही.

मरळ तुमच्या भागात महासीरपेक्षा सहज भेटेल. तळी, दगडाच्या जुन्या खाणी, धरणाच्या फुगवट्यातली वेलीने भरलेली टोके ही त्याची घरे. तो हवेतला श्वास घ्यायला वर येतो, त्यामुळे जागा आपोआप कळते. त्याला बेडूक आवडतो. फोमचा पॉपर किंवा फोम दुमडून बांधलेला गर्गलर, 2 किंवा 1/0 च्या गळावर, आणि गळाच्या टोकापुढे जाड नायलॉनची कमान, म्हणजे वेल अडकत नाही. एकदा ओढा, मग पाण्याचे वलय विरेपर्यंत थांबा. बहुतेक वेळा तो थांबलेल्या फ्लायवरच येतो. हे काम सहा नंबरच्या लाइनवर लहान पॉपरने जमेल. मात्र पाण्यावर तांबूस-नारिंगी पिल्लांचा घोळका दिसला तर तिथे फ्लाय टाकू नका. खाली आई-बाप राखणीला असतात, रागाने ते कशावरही तुटून पडतात, म्हणून काही जण मुद्दाम तिथेच टाकतात. पालक काढला की बाकीचे मासे ती पिल्ले काही वेळात संपवतात. असा मासा पकडण्यात कौशल्य नाही आणि तळ्याचे नुकसान मोठे आहे.

चिलापी शिकण्यासाठी उत्तम. ती 1952 साली भारतात आणलेली परकी जात आहे, भरमसाट वाढते, तेव्हा घरी नेऊन तळलीत तरी वाईट वाटून घेऊ नका. 12 ची फेझंट टेल किंवा कोणतीही हिरवट निम्फ, काठाजवळ, अगदी हळू. तुमच्या डबीचा खरा उपयोग इथेच आहे.

रोहू-कटल्याच्या मागे फ्लाय घेऊन फार वेळ घालवू नका. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो, त्याला फ्लायची आमिषे पटत नाहीत. कोळस तळाला चरतो, त्याला जड निम्फ तळाशी घासत नेली तर कधी कधी घेतो.

आता रंग. निवळ पाण्यात आणि उन्हात फिके, नैसर्गिक रंग. पाणी गढूळ किंवा वेळ सांजेची असेल तर काळा. नवख्यांना हे पटत नाही, त्यांना अंधारात चमकदार रंग हवा वाटतो. पण मासा बऱ्याचदा खालून वर, उजेडाच्या दिशेने बघत असतो, आणि उजेडासमोर सगळ्यात ठळक उमटते ती काळी आकृती. लाल रंग तर खोल पाण्यात सगळ्यात आधी विझतो. हिडकलच्या खोल बाजूला तांबडा फ्लाय माशाला करडाच दिसणार.

खरेदीचे विचारलेत तर माझा सल्ला असा की जाती थोड्या घ्या आणि प्रत्येकाची तीन-चार नगे घ्या, कारण चालणारा फ्लाय पहिल्याच फांदीत जातो आणि मग दिवस हातचा जातो. काळा आणि ऑलिव्ह वुली बगर 8 नंबरचे. क्लाउझर 6 नंबरचे, हलक्या डोळ्यांचे, तुमच्या रॉडला झेपतील असे. मणी लावलेल्या निम्फ 12 च्या. फोमचा नाकतोडा 8 चा. लहान पॉपर. ॲडम्स आणि कॅडिस तुमच्याकडे आहेतच. उंबराचा गोळा दुकानात मिळणे अवघड, तो घरी बांधा.

आणि बांधायला शिका, हे मी आग्रहाने सांगतो. सामान इथेच मिळते. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसे चिकनच्या दुकानात मागितली तर फुकट देतात. मांडीजवळचे मऊ पीस शेपटीला उत्तम. घोंगडीची काळी लोकर फ्लायच्या अंगाला इतकी चांगली बसते की बाहेरचे सामान मागवावेसे वाटणार नाही. ती पाणी पिते आणि फ्लाय बुडवते. शेळीचे लांब केस क्लाउझरला चालतात. चपलेच्या जुन्या तळव्याचा फोम पॉपरला, आणि मोटार वाइंडिंगच्या दुकानातली बारीक तांब्याची तार वजनाला. शिसे टाळा, तुटून पाण्यातच राहते.

रानातले पीस मात्र आणायचे नाही. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. आपल्या घाटातल्या राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेणचट चकाकीचे ठिपके असतात, आणि त्या ठिपक्यांसाठी एके काळी ही पिसे विलायतेतल्या साल्मन फ्लायवर मिरवली गेली. त्या हौसेपायी किती पक्षी गेले असतील याचा विचार आला की आजही मनाला लागते. रानकोंबडा आता कायद्याने सुरक्षित आहे, आणि त्या ठिपक्यावाचून आपला एकही मासा अडत नाही.

पहिला फ्लाय म्हणून काळा वुली बगर बांधा. 8 नंबरच्या लांब दांडीच्या गळावर दोरा शेवटपर्यंत गुंडाळत न्या. मऊ पिसाची शेपूट बांधा, लांबी दांडीएवढीच. तिथेच तांब्याची तार आणि मानेचे पीस टोकाकडून अडकवा. लोकर दोऱ्यावर पिळून अंग पुढे भरत या आणि गळाच्या डोळ्यामागे, म्हणजे दोरी बांधायच्या छिद्रामागे, थोडी जागा सोडा, सगळे नवे लोक इथेच दाटी करतात. पीस मोकळ्या वेढ्यांनी पुढे आणा, तार उलट्या वेढ्यांनी त्यावरून आणा म्हणजे माशाच्या तोंडात पीस सुटणार नाही. गाठ मारून नेलपॉलिशचा एक थेंब. सुकला की बादलीत बुडवून ओढून बघा. शेपूट हलत असेल आणि अंग आडवे न होता बुडत असेल तर फ्लाय तयार झाला. हिडकलवर तोच लावा, सकाळी ऊन पाण्यावर येण्याआधी, फुगवट्याच्या ज्या टोकाला ओढा मिळतो तिथे. टाकल्यावर मनात वीसपर्यंत मोजा आणि मग ओढा. काही लागले नाही तर फ्लाय बदलू नका, तीसपर्यंत मोजा.